हिरव्या रंगाची साक्ष

उंचावरून खाली पाहण्याची हौस माणसाला फार जुनी असावी. देवळे त्याने टेकड्यांवर बांधली, किल्ले डोंगरांवर बांधले, आणि ज्याला यांतले काहीच बांधता आले नाही तोही संधी मिळताच गच्चीवर जाऊन उभा राहतो. उंचावर गेले की जग नीटनेटके दिसू लागते. रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत, अंगणातला केर दिसत नाही, शेजाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही. आमच्या जुन्नरला येणारे पाहुणे श्रावणात शिवनेरी चढून जातात, वरून एकदा चौफेर नजर टाकतात आणि म्हणतात, “काय हिरवंगार आहे हो तुमच्याकडे! सुखी आहात.” हिरवे म्हणजे सुखी, हा हिशेब उंचावरून फार सोपा असतो. त्या हिरव्यात कुठे ऊस आहे, कुठे द्राक्षाचा मांडव आहे, कुठे नुसती घाणेरी माजली आहे आणि कुठे कर्ज काढून लावलेले टोमॅटोचे पीक करप्याने चालले आहे, हे किल्ल्यावरून कळत नाही. जुन्या माणसांनी ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणून ठेवले. डोंगरावरून गावही तितकेच साजरे दिसते, एवढी पुस्ती मी त्याला जोडीन.

ही हौस आता सातशे-आठशे किलोमीटर उंचीवर जाऊन पोचली आहे. पृथ्वीभोवती घिरट्या घालणारे उपग्रह रान किती दाट आहे, पीक कसे आहे, पालवी केव्हा फुटली आणि पानगळ केव्हा झाली, याची मोजमापे रोज खाली पाठवीत असतात. ही मोजमापे खरी मानायची कशावरून? तर त्यासाठी शास्त्रज्ञ एक अगदी साधी गोष्ट करतात. रानात किंवा शेताच्या कडेला एक खांब उभारतात आणि त्यावर कॅमेरा बसवून ठेवतात. तो कॅमेरा एकाच जागेवरून, एकाच झाडीकडे वर्षानुवर्षे पाहत राहतो. वरच्याने सांगितले त्याची खात्री खालच्याकडून करून घ्यायची, असा हा व्यवहार. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मुलांना शिकवणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. मोठमोठ्या यंत्रांनी मी सहसा भारावून जात नाही. परंतु एवढ्या प्रचंड यंत्राला एवढा साधा साक्षीदार लागतो, हे जेव्हा मला कळले तेव्हा त्या यंत्राबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

तसे आमच्या तालुक्याचे आणि आकाशाचे नाते नवे नाही. नारायणगावाजवळ आर्वी येथे उपग्रहांशी बोलणारे भूकेंद्र १९७१ साली सुरू झाले. विक्रम साराभाईंचे नाव त्याला दिलेले आहे. परदेशातून आलेले बोलणे आर्वीच्या शिवारात आधी उतरे आणि मग देशभर जाई. पुढे जवळच खोडदला प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी रेडिओ दुर्बीण उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसएक किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या आहेत. कांद्याच्या वाफ्यापलीकडे ही अगडबंब तबकडी मान वळवताना दिसली की नवखा माणूस दचकतो. आमची मुले मात्र तिच्याकडे पाण्याच्या टाकीकडे पाहावे तसे पाहतात. तेव्हा आकाशाचे ऐकणे आमच्या अंगवळणी पडलेले आहे. आकाश आमच्याकडे पाहते आहे आणि पाहून काही आकडा लिहून ठेवते आहे, ही जाणीव मात्र अलीकडची.

उपग्रह हिरवेपणा मोजतो तो कसा? झाडाचे पान म्हणजे एक स्वयंपाकघर आहे. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग ते स्वयंपाकासाठी घरात घेते. तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्याला नको असतो, म्हणून तो ते बाहेर टाकते. पान जितके निरोगी आणि पालवी जितकी दाट, तितका तांबडा कमी परततो आणि तो अदृश्य प्रकाश अधिक परततो. उपग्रह हे दोन्ही प्रकाश मोजतो आणि त्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागतो. येणारा आकडा उणे एक आणि एक यांच्यामध्ये कुठे तरी पडतो. उघडी जमीन शून्याच्या जवळपास, दाट रान एकाच्या दिशेने. झाला हिरवेपणा मोजून!

अमेरिकेने १९७२ साली लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १९८८ साली गेला. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह फिरू लागले. यांचे चित्र चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते आणि एका ठिपक्याला एकच आकडा मिळतो. ठिपका केवढा, यावर सारे अवलंबून. लँडसॅटचा ठिपका तीस मीटर लांब-रुंद, म्हणजे आपल्या मापाने सुमारे नऊ गुंठे. सेंटिनेलचा दहा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तो आमच्या सात-बाराच्या सोयीसाठी केला नसणार, पण जमून गेले खरे! १९९९ साली सोडलेल्या टेरा उपग्रहावर मोडिस नावाचे यंत्र आहे. ते रोजच्या रोज पाहणी करी, पण त्याचा बारीकातला बारीक ठिपका अडीचशे मीटरांचा, म्हणजे पंधरा एकरांहून मोठा.

आता पंधरा एकरांना एक आकडा ही गोष्ट उसाच्या सलग पट्ट्यात चालून जाते. अर्थात तिथेही आकडा सगळे सांगत नाही. आमच्या पूर्व भागातल्या त्याच एकसारख्या हिरव्या उसात बिबट्याची मादी पिल्ले घेऊन बसलेली असते आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसाला तो हिरवा रंग जीव मुठीत धरून पाहावा लागतो. तिचा माग काढायचा तर वनखात्याला बांधावर कॅमेरेच लावावे लागतात. पश्चिमेला, भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या बाजूला तर पंधरा एकर ही फार मोठी दुनिया आहे. तिथे डोंगरउतारावर महादेव कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेतावर राबून पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे घडवली. त्या रीतीला पडकई म्हणतात. एकेक खाचर चार-दोन गुंठ्यांचे. वरच्या अंगाला नाचणी आणि वरई, बांधावर हिरडा, मध्ये ओढा, ओढ्याकाठी करंजाची झाडे, पलीकडे चार घरे आणि सभोवती कारवीचे रान. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की डोंगर जांभळा होतो. एवढा सगळा संसार एका ठिपक्यात कोंबायचा आणि त्याची सरासरी काढायची. एकत्र कुटुंबातल्या सासू, सून, नणंद आणि तान्हे बाळ यांच्या वयाची सरासरी काढून ‘या घरातील माणूस तीस वर्षांचा आहे’ असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार!

शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले. ज्या दिवसांत आवणी होते, भात फुटवे धरते, पोटरीत येते, नेमक्या त्याच दिवसांत वरच्या डोळ्यावर ढगांचे पांघरूण असते. रडारचे उपग्रह ढगांतून आरपार पाहतात हे खरे, पण ते रंग पाहत नाहीत. जमिनीचा खडबडीतपणा आणि ओल यांच्यावरून त्यांना अदमास करावा लागतो. थोडक्यात, परीक्षेच्या वेळेला परीक्षक बाहेर, आणि निकालाच्या वेळेला हजर!

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. म्हणताना एक गोष्ट गृहीत धरतो, की शीत हातात घेऊन चेपून पाहिलेले आहे. भांड्याकडे लांबून पाहून ‘वाफ चांगली येते आहे, भात शिजला असेल’ असे म्हणणाऱ्या सुनेला कुठलीही सासू चुलीपाशी उभी करणार नाही. आपल्याकडच्या पहिल्या शास्त्रज्ञांनी हे शितावरचे बोट सोडले नव्हते. भारतातील दूरसंवेदनाचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात, ते पिशारोटी काही वर्षे पुण्यातच होते. १९६२ साली स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानसंस्थेचे ते पहिले संचालक. १९७० साली त्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांची अवरक्त छायाचित्रे घेतली. मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे वरून ओळखता येतात का, हे त्यांना पाहायचे होते. ती ओळखता आली. पण ओळखले ते बरोबर आहे असे म्हणायला खाली प्रत्यक्ष नारळाच्या बुंध्याशी उभे राहून ‘होय, हेच झाड आजारी आहे’ असे सांगणारे कोणी तरी हवे. आपल्याकडच्या या साऱ्या विद्येचा आरंभच असा झाडाखाली उभे राहून झाला, याचा मला मोठा आनंद वाटतो.

झाडाखाली माणूस वर्षभर कसा उभा राहणार? म्हणून खांबावरचा कॅमेरा आला. जपानात २००३ साली अशा कॅमेऱ्यांचे एक जाळे सुरू झाले. उपग्रहांनी पाहिलेल्या ऋतूंची खालून पडताळणी करणे हाच त्याचा हेतू. अमेरिकेत २००८ पासून फेनोकॅम नावाचे जाळे उभे राहिले. आता त्याचे कॅमेरे शेकड्यांनी मोजावे लागतात आणि त्यांनी काढलेली चित्रे कुणालाही मोफत पाहता येतात. या कॅमेऱ्यात अद्भुत असे काही नाही. दिवसभर दर अर्ध्या तासाने तो एक चित्र घेतो. प्रत्येक चित्र तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे बनते. तिन्हींच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती, एवढेच काढायचे आणि रोज मांडत जायचे. पालवी फुटली की रेघ वर चढते, पानगळीत खाली येते. मग ही रेघ उपग्रहाच्या रेघेशेजारी ठेवायची. दोघी बरोबर चालल्या तर उत्तम. जिथे फारकत होते तिथे चौकशी.

त्या चौकशीत कधीकधी साक्षीदारही उलटतो, ही यातली खरी गंमत. कोवळे पान पोपटी असते. कॅमेऱ्याला ते इतके आवडते की पाने अजून बोटभर वाढायची असतानाच त्याची रेघ शिखराला पोचते. पुढे पाने मोठी, जून आणि गडद होतात. झाडावर हिरवे वाढत असते आणि कॅमेऱ्याच्या वहीत ते कमी होत जाते! आपल्या आंब्याची आणि पिंपळाची नवी पालवी तर तांबूस. झाड पालवीने मोहरून गेले तरी हा शहाणा म्हणणार, ‘हिरवे दिसत नाही बुवा.’ म्हणून मग कुणी तरी शिडी लावून वर चढते आणि पाने हाताने मोजते. उपग्रहाला कॅमेरा तपासतो, कॅमेऱ्याला हात तपासतो. अखेर सगळी वाट हाताशी येऊन थांबते.

हे सारे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. तो पुण्याला असतो, संगणकावर नकाशांचे काम करतो आणि गावी आला की मला भेटल्याशिवाय जात नाही. मी त्याला म्हटले, “अरे, मग आपल्या मुलांना असा एखादा खांब रोवता येईल का?”

“का नाही येणार, बाई?” तो म्हणाला. “एक जुना फोन पुरे. फक्त त्याला हलू द्यायचं नाही आणि शहाणपणा करू द्यायचा नाही.”

हा शहाणपणा म्हणजे काय, ते मला मागाहून कळले. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग सुधारतो. फिके असेल ते गडद करतो, पिवळट उजेड असेल तर तो पांढरा करतो. लग्नाच्या फोटोला हे गुण चांगले, पण साक्षीदाराला शोभणारे नव्हेत. त्याची ती सवय त्याने बंद करून दिली. वर्गाच्या व्हरांड्यात सागाच्या खांबाला एक खोबण केली, तिच्यात फोन बसवला आणि समोरच्या खाचरांवर रोखला. चित्राच्या कोपऱ्यात येईल अशी चुन्याने रंगवलेली एक फळी बांधावर उभी केली. रोज फळी सारखीच पांढरी दिसली पाहिजे. ती पिवळी दिसली तर त्या दिवशीचा उजेड खोटा. रोज अकराच्या ठोक्याला चित्र घ्यायचे आणि वहीत नोंद करायची. तारीख, वेळ, आभाळ, असे रकाने पाडले. एका मुलीने शेवटी आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिले, ‘शेरा’. तिने तो शब्द वडिलांच्या सात-बाऱ्यावर पाहिला होता.

समोरची खाचरे एका म्हातारीची. तिला सारा गाव आजीच म्हणतो. फोन आपल्या शेताकडे रोखलेला पाहून ती पहिल्याच दिवशी व्हरांड्यात आली.

“बाई, ह्यो काय पाहरा बसवलाय?”

मी तिला समजावून सांगितले. वर एक यंत्र फिरते, ते तुमचे खाचर पाहते आणि हिरवे किती ते मोजते. त्याचे खरे की खोटे हे आम्ही इथून पाहणार.

ती थोडा वेळ आभाळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “त्याला हिरवं दिसंल. पर दाना भरला का नाय, त्ये वाकल्याबिगर कसं दिसायचं?”

मी यावर काय बोलणार? जपानातल्या आणि अमेरिकेतल्या विद्वानांनी खांब का रोवले, याचे कारण तिने एका वाक्यात सांगून टाकले होते.

पावसाळाभर मुलांनी नोंदी केल्या. जुलै-ऑगस्टात उपग्रहाची कामास येतील अशी चित्रे बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली. बाकी सगळा कापूस. आमच्या फोनलाही धुके नडले. काही दिवस चित्रात फळीच काय, बांधही दिसत नसे. अशा दिवशी मुले छत्र्या आणि इरली घेऊन बांधावर जात आणि शेऱ्यात लिहीत, ‘धुके. जवळून पाहिले. भात गुडघ्याएवढे.’ सप्टेंबरच्या अखेरीस आभाळ उघडले आणि उपग्रहाची रेघ पुन्हा हाती आली. तेव्हा एक कोडे पडले. ओढ्यापलीकडची खाचरे वरून आठ-पंधरा दिवस आधीच पिवळी पडत चालली होती. व्हरांड्यातून ती दिसत नाहीत. रोग पडला की पाणी तुटले? मुलांची एक तुकडी ओढा ओलांडून पाहून आली. रोग नव्हता, पाणीही नव्हते तुटले. तिकडे हळवे भात होते आणि आमच्या समोर गरवे. हळवे आधी पिकणारच! उपग्रहाने प्रश्न विचारला आणि मुलांनी पायांनी त्याचे उत्तर आणून दिले. त्या संध्याकाळी त्या यंत्राशी आमचा चांगला स्नेह जुळला. त्याने दाखवले नसते तर ओढ्यापलीकडे जाण्याचे आम्हांला कशाला सुचले असते?

पुढे मात्र परतीचा पाऊस आला. कापणीला आलेले भात एका रात्रीत आडवे झाले आणि खाचरात पाणी साठले. तीन-चार दिवस पाऊस हटेना. लोंब्या पाण्यात बुडाल्या, दाण्यांना कोंब फुटले. पाऊस थांबल्यावर थोड्या दिवसांनी निरभ्र आभाळातून उपग्रहाचे चित्र आले आणि आजीच्या खाचराच्या ठिपक्यांत आकडा किंचित वर चढलेला दिसला. खाचर पुन्हा हिरवे होऊ लागले होते! व्हरांड्यातल्या फोननेही तेच सांगितले. चित्रात पिवळ्यावर हिरवट झाक आलेली स्पष्ट दिसत होती. दोन्ही साक्षीदारांचे एकमत. फक्त ते हिरवे म्हणजे जनावरांपुढे टाकण्याच्या लायकीचे झालेले भात होते. त्या दिवशीचा शेरा वहीत आहे: ‘हिरवे दिसते ते कोंब आहेत. आजी रडली.’

मला इथे उपग्रहाला दोष द्यायचा नाही. त्याने हिरवे पाहिले आणि हिरवे सांगितले, यात त्याचा काय अपराध? प्रश्न आहे तो त्या आकड्याचा पुढे अर्थ कोण लावतो आणि कशाच्या आधारावर लावतो याचा. कारण हे आकडे आता केवळ शास्त्रज्ञांच्या वहीत राहिलेले नाहीत. पीकविम्यासाठी भाताच्या उताऱ्याचा अंदाज करताना उपग्रहादी तंत्राने काढलेल्या आकड्याला निदान तीस टक्के वजन द्यावे, असा नियम २०२३ च्या खरिपापासून आला. उरलेला भार पीककापणी प्रयोगावर. म्हणजे शेताचा ठरावीक तुकडा कापायचा, झोडपायचा आणि दाणे तोलायचे. तेच ते शितावरचे बोट. त्याआधी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली होती. आपल्या शेतात उभे राहून शेतकऱ्याने स्वतःच पिकाचे छायाचित्र काढायचे आणि सात-बाऱ्यावर नोंदवायचे. म्हणजे प्रत्येक शेतकरी हा एक चालता-बोलता खांब झाला म्हणायचे! डोंगरात रेंज नसते, म्हातारीकोतारींना फोन वापरता येत नाही आणि नातवाची वाट पाहावी लागते, या अडचणी आहेतच. तरीही मला त्यातली कल्पना मोलाची वाटते. शेताची साक्ष शेतात उभे राहूनच द्यायची आणि ती शेतकऱ्याने द्यायची.

ज्याची साक्ष निघत नाही त्याचे काय होते, हे आमच्या भागाने पाहिलेले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणात शिरले आणि घाट चढून आमच्याकडे आले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडे उन्मळली, फांद्या मोडल्या. इथल्या आदिवासी घरात बाळहिरडा हेच वर्षाचे रोख उत्पन्न. तेल-मीठ, मुलांची पुस्तके, आजारपण, सगळे त्यावर. पण हिरडा काही पंक्तीत लावलेला नसतो. तो बांधावर असतो, रानात मिसळलेला असतो. वरून पाहणाऱ्याला रान हिरवेच दिसणार, कारण पावसाळा तोंडावर होता आणि पडलेल्या झाडाच्या जागी आठ दिवसांत गवत उगवते. कुणाचे कोणते झाड पडले, हे त्या झाडाखाली जन्म काढलेला माणूसच सांगू शकतो. ती भरपाई मिळावी म्हणून लोकांना पुढे काही वर्षे मागणी करीत राहावे लागले.

आणि माळीण? आंबेगाव तालुक्यातले ते गाव ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर खचून गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. आभाळात तेव्हाही उपग्रह होते. पण गाव नाहीसे झाले आहे ही वार्ता जगाला कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. त्या वळणावरून रोज दिसणारी घरे त्याला दिसली नाहीत. विचार करा, त्याने काय केले? कालचे चित्र आणि आजचे चित्र शेजारी ठेवले आणि फरक ओळखला. रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी, त्याच गावाकडे पाहणारा तो एक डोळा होता. खांबावरचा कॅमेरा याहून वेगळे ते काय करतो? पाहणारा रोजचा असला तरच त्याला नसलेले दिसते. कधी तरी एकदा येणाऱ्याला फक्त असलेलेच दिसते.

मला वाटते, सगळ्या मोजमापांच्या मुळाशी हाच एक धडा आहे. दूरच्या नजरेला आवाका असतो, जवळच्या नजरेला ओळख असते. दूरच्या नजरेने सारा जिल्हा एका चित्रात पाहावा, जरूर पाहावा. दुष्काळ, पूर, वणवा हे तिच्यावाचून वेळेवर कळणार नाहीत. मात्र ती जेव्हा एखाद्याच्या चार गुंठ्यांबद्दल बोलू लागते, तेव्हा तिने त्या चार गुंठ्यांत उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारले पाहिजे. शास्त्रज्ञ हे स्वतःहून विचारतात, खांब रोवतात आणि आपली रेघ चुकली तर दुरुस्त करतात. आकडे वापरणाऱ्या इतरांनीही ही नम्रता त्यांच्याकडून उचलायला काय हरकत आहे?

आजीचे खाचर पुढच्या मोसमातही पिकले. त्या मोसमाचा दाणा बरा भरला होता. वाकून पाहिले, म्हणून सांगते. मुलांची वही आता दुसऱ्या तुकडीकडे गेली आहे आणि रकाने तेच आहेत. माझ्या त्या विद्यार्थ्याने मध्यंतरी उपग्रहाच्या आकड्यांचा एक मोठा तक्ता मला दाखवला. तारखा होत्या, ठिपक्यांचे क्रमांक होते, दशांशचिन्हापुढे चार-चार आकडे होते. मी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “सगळं आहे रे, पण यात शेऱ्याचा रकाना कुठं आहे?”

तो हसला. म्हणाला, “तो नसतो, बाई. तो तुम्हीच भरायचा.”